मठपती मॅडमचा पंचनामा

कोणी समोर आलं की मठपती मॅडम आधी त्याचे हात बघत आणि मग तोंड. तोंडाचं काम नसलं तर हातांवरच भागत असे. मी पहिल्यांदा त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा माझ्या बोटातली पुष्कराजाची अंगठी त्यांच्या नजरेत भरली.

"कुणी घालायला सांगितली?" त्यांनी विचारलं. आईनं, असं मी सांगितलं.

"गुण आला का?"

नाही म्हणालो.

"मग काढा. तिच्याखाली काय काय राहायलंय ते दाखवू?"

माझं बोट त्यांनी अंगठीसकट जंतू वाढवायच्या एका तबकडीवर टेकवलं, झाकण लावलं आणि दोन दिवसांनी ती तबकडी माझ्या टेबलावर पाठवून दिली. आत पिवळसर ठिपक्यांची एक देखणी, गोल माळ उगवली होती. अंगठी मी त्याच दिवशी आईला परत केली. माझे ग्रह त्यानंतर जिथे होते तिथेच आहेत.

नांदेडच्या एका खासगी संस्थेच्या मोठ्या रुग्णालयात त्या जंतुशास्त्राच्या प्रमुख होत्या आणि त्याच आवारातल्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवत होतो. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांना संख्याशास्त्र शिकवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत पथ्य सांगत हिंडण्यासारखं. कोणी वाईट वागत नाही, पण ऐकतही नाही. मॅडम मात्र ऐकत. मला त्या 'गुरुजी' म्हणत. त्यात आदर किती आणि थट्टा किती याचं प्रमाण मला कधी काढता आलं नाही.

त्या मूळच्या उदगीरच्या. वडील मोंढ्यात भुसार मालाचे व्यापारी. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. उंची बेताची, चाल मात्र उंच माणसाची. इरकली साडी घोट्याच्या वर खोचलेली, कारण लोळता पदर आणि लोळत्या निऱ्या म्हणजे वॉर्डातला केर फुकट वाहून नेणारी गाडी, असं त्यांचं मत होतं. साध्या रागात त्या मराठीत बोलत. खऱ्या रागात कानडीत जात. त्यामुळे आमच्याकडच्या निम्म्या नर्सेसना गाढवाला कानडीत काय म्हणतात हे ठाऊक होतं.

रुग्णालयाच्या दारात शिरतानाच त्या हातातला हिरवा चुडा काढून पर्समध्ये ठेवत. मनगटावर काहीही नको, हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी स्वतःपासून सुरू केला होता. सवाष्ण बाईनं भरल्या घरातून निघून ओक्या हातांनी हिंडायचं, हे आमच्या भागात पचायला जड. धर्माबादकडच्या एका म्हातारीनं एकदा वॉर्डाबाहेर त्यांना थांबवलं, त्यांच्या मनगटावरून हात फिरवला आणि डोळे भरून विचारलं, "कवा गेले गं माय, मालक?"

"सकाळीच," मॅडम म्हणाल्या. "बँकेत."

"आगं बाई. बँकेत कसं काय झालं?"

"नोकरीला हायेत तिथं."

म्हातारीला हे समजावून सांगण्यात बराच वेळ गेला. शेवटी तिचं समाधान झालं ते चुडा प्रत्यक्ष पाहून. तेवढ्या गडबडीत मॅडमनी तिचे हात मात्र धुऊन घेतले.

अशी माणसं संस्थांना परवडत नाहीत, पण मिरवायला बरी पडतात. आमच्या संचालक साहेबांना मिरवण्याची कला उत्तम अवगत होती. साहेब स्वतः एके काळी सर्जन होते. आता कात्री ते फक्त फीत कापायला धरत. आवारात दर पंधरवड्याला नवा फ्लेक्स लागे आणि त्यावर साहेबांचा फोटो रुग्णालयाच्या इमारतीपेक्षा किंचित मोठा असे. मॅडमनी संशोधनाचा प्रस्ताव मांडला तेव्हा साहेबांना त्यात पुढचा फ्लेक्स दिसला असावा. त्यांनी तो तत्काळ मंजूर केला.

संशोधन सोपं होतं. अतिदक्षता विभागात अत्यवस्थ रुग्णाच्या मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालतात. तिच्यातून औषधं जातात, सलाइन जातं आणि जपलं नाही तर जंतूही थेट रक्तात जातात. एका आजारासाठी आलेलं माणूस दुसऱ्याच कारणानं दगावतं आणि घरचे म्हणतात, वेळ भरली होती. नळी घालताना आणि हाताळताना काही साधे नियम कडकपणे पाळले तर हा संसर्ग किती कमी होतो, हे मॅडमना मोजायचं होतं. मोजायची रीतही ठरलेली. नळी असलेल्या रुग्णाला ताप आला की त्याचं रक्त बाटल्यांत घेऊन प्रयोगशाळेत पाठवायचं. बाटलीत जंतू वाढले तर संसर्ग धरायचा. अशा संसर्गांच्या आकड्यांची महिन्यागणिक आलेखावर रेघ काढायचं काम माझ्याकडे होतं.

बाटलीत जंतू वाढले की मॅडम स्वतः वॉर्डात येत. यालाच सगळे 'पंचनामा' म्हणत. नर्सेसच्या खोलीत झाडून सगळ्यांना उभं केलं जाई. डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, फरशी पुसणाऱ्या मावशीसुद्धा. मग एकेकाला प्रश्न. नळीला शेवटचा हात कुणी लावला? लावायच्या आधी हात कुठं धुतला? कशानं धुतला? पुसला कशाला? उत्तर अडखळलं की मॅडमचा आवाज चढे आणि मग कानडी सुरू होई. जंतूला डिग्री दिसत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा भूलतज्ज्ञ डॉक्टरांना, जे वयानं त्यांच्याहून मोठे होते, त्यांनी सगळ्यांदेखत बेसिनशी नेऊन पहिलीतल्या मुलासारखे हात धुवायला लावले. ते गृहस्थ महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मॅडमच्या हे लक्षातही आलं नाही. पंचनामा संपला की त्यांचा राग संपे. दुसऱ्या दिवशी त्या त्याच मुलींच्या खांद्यावर हात टाकून घरची विचारपूस करत. त्या विसरून जात म्हणून त्यांना वाटे, सगळेच विसरत असतील.

आणि लोकांचा त्यांच्यावर जीवही होता, ही खरी गुंतागुंत. संक्रांतीला उदगीरहून डबे भरून शेंगापोळ्या येत, त्या साहेबांच्या आधी वॉर्डातल्या मावशींना मिळत. अतिदक्षता विभागाच्या इन्चार्ज वाघमारे सिस्टर. भक्कम बांधा आणि त्याहून भक्कम आवाज. त्यांच्या नवऱ्याला कावीळ झाली तेव्हा मॅडम रोज त्याच्या उशाशी जाऊन बसत. मॅडमना कोणी बाहेरचा नावं ठेवू लागला की वाघमारे सिस्टर त्याला वॉर्डाबाहेर काढत.

संशोधन सुरू झालं आणि माझी रेघ खाली यायला लागली. आधी हळूहळू, मग भराभरा. काही महिन्यांनी ती तळाला टेकली आणि तिथंच राहिली. शून्य. सलग शून्य. साहेब हरखले. मी मात्र जरा अस्वस्थ होतो. माणसांच्या गोष्टीत इतकी सरळ रेघ मी फक्त क्रमिक पुस्तकात पाहिली होती. मॅडमना मी तसं बोललो. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"लई चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पण गुरुजी, पोरींनी मेहनतबी तेवढी घेतलीय ना."

त्यांच्या डोळ्यांत तेव्हा एक निर्मळ, बाळबोध आनंद होता. अशा आनंदापुढे शंका काढायला माणूस माझ्यापेक्षा कठोर लागतो.

साहेबांनी सोहळा ठरवला. 'संसर्गमुक्त अतिदक्षता विभाग' असा फ्लेक्स फाटकापासून पोर्चपर्यंत लागला. मुंबईहून कोणी बडे पाहुणे यायचे होते. त्याच कार्यक्रमात साहेब जाहीर करणार होते की संस्थेच्या लातूरच्या रुग्णालयातही हीच पद्धत लागू होईल आणि ज्या वॉर्डात महिनाभर शून्य संसर्ग, त्या वॉर्डाला फिरती ढाल मिळेल. ढालही बनून आली होती. पितळी, मधोमध मोठा शून्य. इतक्या थाटात मांडलेला शून्य मी तोवर पाहिला नव्हता.

सोहळ्याच्या आदल्या सकाळी मॅडमनी मला बरोबर घेतलं. भाषणाआधी वॉर्डात एकदा डोकवायचं होतं. मी बुटांवर पिशव्या चढवून दाराशीच थांबलो. अतिदक्षता विभागात आकडेवाल्या माणसाचं काम नसतं.

खिडकीकडच्या खाटेवर रेखा नावाची तरुण बाई होती. बिलोलीकडच्या एका खेड्यातली. बाळंतपणात अति रक्तस्राव होऊन आलेली, ऑपरेशन झालेलं, मानेत नळी. सासू बाहेरच्या जिन्यावर तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेली असे. ती मला येता-जाता दिसायची. रेखा आता बरी होत चालली आहे असं सगळे म्हणत होते.

मॅडम तिच्या खाटेशी थांबल्या. ती कुडकुडत होती. दात वाजत होते, ओठ काळसर. अंगावर दोन ब्लँकेटं होती आणि बाहेर मे महिन्यातलं नांदेडचं ऊन.

"ताप कधीपासून?"

डॉक्टर ओंकार या निवासी डॉक्टरनं सांगितलं की चार-पाच दिवसांपासून चढउतार आहे, अँटिबायोटिक वाढवलं आहे, आजपासून आणखी भारी सुरू केलं आहे.

"बाटलीत काय आलं?"

ओंकारनं वाघमारे सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर मॉनिटरकडे पाहू लागल्या.

"ओंकार, बाटलीत काय आलं विचारलं मी."

"पाठवली नव्हती, मॅडम."

भिंतीशी असलेलं कपाट मॅडमनी उघडलं. प्रयोगशाळेतून आलेल्या रक्ताच्या बाटल्या तिथं ओळीनं उभ्या होत्या. त्यांनी एक उचलून बोटानं पुसली. बोटावर धूळ आली. दुसरी पुसली. तिच्यावरही तेवढीच.

मला त्या क्षणी माझी रेघ दिसली. प्रयोगशाळेत बाटल्या येत नाहीत म्हणजे कुणाला तापच नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. बाटली भरलीच नाही तर जंतू वाढत नाहीत. जंतू वाढले नाहीत तर संसर्ग नसतो. आणि संसर्ग नसला की रेघ शून्यावर जाते, तिथं ढाल असते.

आता कानडी सुरू होणार, या भीतीनं सगळा वॉर्ड आखडला. मॅडमनी बाटली परत ठेवली.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "हे कवापासून?"

वाघमारे सिस्टरचा तो भक्कम आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"मॅडम, रागं भरू नका. बाटलीत कायबी निघालं की तुमी येता. समद्यांचा पंचनामा व्हतो. पोरी घरी जाऊन रडत्यात. येक तर नोकरी सोडून गेली." त्या थांबल्या. मग घाईनं म्हणाल्या, "आन् तुमचं चांगलं व्हायलं हुतं. लातूरला बी तुमचं नाव व्हनार. त्यात आमच्या वार्डातनं खोडा नगं म्हनलं. ताप आला की सर औषध वाढवायले, मानूस बरं व्हायलं. मग बाटली कशाला पाठवा?"

लबाडी कुणीच केली नव्हती. कुणी काही लपवायचं ठरवलंही नव्हतं. प्रेमानं आणि भीतीनं मिळून ते आपोआप झालं होतं. आकडे खोटे करायचे हजार मार्ग मी विद्यार्थ्यांना शिकवतो. हा त्यांत नव्हता.

मॅडमनी वॉर्डावरून नजर फिरवली.

"मला कोण कोण घाबरतं? हात वर करा."

कुणी हललं नाही.

"करा. मी कायबी म्हणणार न्हाई."

आधी एका लहान चणीच्या नर्सचा हात वर गेला. मग दुसरीचा. मग ओंकारचा. फरशी पुसणाऱ्या मावशींनी फडक्यासकट हात वर केला. वाघमारे सिस्टरनी सगळ्यांत शेवटी. दाराशी उभ्या असलेल्या माझाही हात वर गेला होता, हे मला मॅडमनी माझ्याकडे पाहिल्यावर कळलं.

त्यांनी मान हलवली. हात धुतले. रेखाचं रक्त स्वतः काढलं, बाटल्या भरल्या, मानेतली ती नळी काढायला लावून दुसरीकडे नवी घालायला सांगितली आणि प्रयोगशाळेकडे निघाल्या. जिन्यावर रेखाच्या सासूनं त्यांना विचारलं की बाई, पोरगी कशी हाय. बरी आहे म्हणायची सवय असलेल्या माणसांत मॅडम कधीच नव्हत्या. त्या तिच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "न्हाई, बरी न्हाई. आमची चूक झालीय. निस्तरायलोय." म्हातारीनं तेवढं ऐकलं आणि मुलाला छातीशी घट्ट धरलं. एवढंच.

तिथून आम्ही साहेबांकडे गेलो. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. ही त्यांची ताकद होती. ते म्हणाले की एका रुग्णावरून एवढा मोठा निष्कर्ष काढू नये, पाहुणे रेल्वेत बसले आहेत, उद्याचा दिवस जाऊ द्या, मग एक छोटी समिती नेमून सावकाश दुरुस्ती करू. मॅडम म्हणाल्या, उद्या ढाल जाहीर झाली की लातूरच्या वॉर्डातल्या बाटल्यांवरही धूळ बसेल. आज एक रेखा आहे. ढालीमागं किती असतील ते कधीच दिसणार नाही, कारण न दिसण्यालाच तर बक्षीस आहे. साहेबांनी चहा मागवला. मॅडम चहा न घेता उठल्या.

"मी उद्या बोलणार हाय," त्या दारातून म्हणाल्या. "तुम्ही ठरवा, मला माईक द्यायचा की न्हाई."

माईक मिळाला, कारण पत्रिका छापून झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृह भरलं. रेखाचा ताप उतरला नव्हता. रक्तदाब घसरत होता आणि जंतू वाढले की इशारा देणाऱ्या यंत्रात बाटल्या अजून गप्प पडून होत्या. मॅडम व्यासपीठावर बसल्या होत्या, पण त्यांचा जीव खालच्या मजल्यावरच्या त्या यंत्रात अडकला होता. मांडीवर फोन उलटा ठेवलेला. दिवा लागला, स्वागतगीत झालं, पाहुण्यांना फेटा बांधला. तो त्यांच्या कपाळावर घसरत होता आणि एक शिक्षिका मागून तो सारखी सावरत होती.

मॅडम उठल्या. एवढ्या थोड्या शब्दांत झालेलं भाषण मी त्या सभागृहात दुसरं ऐकलं नाही.

"फ्लेक्सवर लिहिलेलं खरं न्हाई," त्या म्हणाल्या. "आमच्या विभागात संसर्ग होता आणि आजही हाय. आम्ही तो शोधणं बंद केलं हुतं. हे वॉर्डातल्या कुणाचं पाप न्हाई. मी चुकलेल्या माणसाला इतकं घाबरवलं की चूक मला सांगायचीच बंद झाली. माझं संशोधन फसलं. लातूरला ते असं नेऊ नका. ती ढालसुद्धा नेऊ नका."

त्या बसल्या. मग टाळ्या पडल्या. भरघोस, मनापासून. मागच्या रांगांतल्या विद्यार्थ्यांना भाषण संपलं एवढंच कळलं होतं. एकट्या वाघमारे सिस्टर टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

पाहुण्यांचं भाषण आधीच टाइप होऊन आलं होतं. त्यांनी ते वाचलं. शून्य संसर्गाचं उद्दिष्ट गाठल्याबद्दल त्यांनी डॉ. महानंदा मठपती यांचं अभिनंदन केलं आणि त्यांच्या खांद्यावर शाल घातली. शाल अंगावर असतानाच मॅडमचा फोन थरथरला. त्या व्यासपीठावरून उतरल्या, मधल्या वाटेनं चालत बाहेर पडल्या. शाल तिसऱ्या रांगेजवळ गळून पडली आणि बराच वेळ तिथंच पडून राहिली. उचलावी की नाही हे प्रोटोकॉलमध्ये नसावं.

मी त्यांच्या मागे प्रयोगशाळेत गेलो. यंत्रानं एक बाटली बाहेर काढायला सांगितली होती. त्यांनी थेंबभर रक्त काचेवर पसरलं, रंगवलं, सूक्ष्मदर्शकात डोकं घातलं.

"बुरशी हाय," त्या म्हणाल्या. "नेहमीचे जंतू न्हाईतच. ही बुरशी हाय. पाच दिवस आपण तिला दुसऱ्याच रोगाचं औषध वाढवत बसलो."

अँटिबायोटिक कितीही भारी दिलं तरी बुरशीला त्याचं सोयरसुतक नसतं. उलट तिला मैदान मोकळं होतं. औषध त्याच घटकेला बदललं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. रेखाची मूत्रपिंडं थांबली, डायलिसिस लागलं. एकदा तिचं हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालं. मॅडम रोज येत, खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहत आणि कुणालाही काही विचारत नसत. हे सगळ्यांना पंचनाम्याहून कठीण जात होतं. शेवटी वाघमारे सिस्टर एकदा कळवळून म्हणाल्या, "मॅडम, कायतरी बोला वो. शिव्या तरी द्या."

"आता जमना झालंय," मॅडम म्हणाल्या.

रेखा वाचली. हे मी घाईनं सांगून टाकतो, कारण आम्ही तेव्हा फार ताटकळलो होतो. ती चालत घरी गेली तेव्हा पावसाळा सरत आला होता. निघताना सासूनं बाळ तिच्याकडे दिलं. त्यानं आईकडे पाहिलं, ओठ काढले आणि आजीकडे झेप घेऊन रडायला लागलं. ते तिला ओळखत नव्हतं. सगळे हसले, होतं असं, म्हणाले. मॅडम हसल्या नाहीत. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत त्या बघत उभ्या होत्या.

संशोधन त्यांनी नव्यानं मांडलं. या खेपेला बाटली भरायची की नाही हे वॉर्डानं ठरवायचं नव्हतं. ताप आला की बाटली जायचीच. आणि बाटलीत काही निघालं तरी मॅडम वॉर्डात जाणार नव्हत्या. सांगणाऱ्यानं त्यांच्याकडे यायचं, आपण होऊन, एकट्यानं. माझी रेघ उठली आणि चांगली वर गेली. साहेबांनी मला बोलावून विचारलं की संशोधनानं संसर्ग वाढला का. मी म्हणालो, वाढला नाही, दिसायला लागला. साहेबांना हा फरक फ्लेक्सवर बसवता येईना. काही महिन्यांत मॅडमना लातूरला पाठवण्यात आलं. आदेशात त्याला बढती म्हटलं होतं. फाटकावरचा 'संसर्गमुक्त'वाला फ्लेक्स मात्र वाऱ्यानं फाटेपर्यंत तसाच होता.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. परीक्षक म्हणून लातूरला गेलो होतो. पेपर आटोपून त्यांच्या खोलीत गेलो. केस बरेच पांढरे झाले होते. माझे हात बघून झाले. मग कॉलेजचं, घरचं विचारून झालं. इथं लोक येऊन सांगतात का, असं मी विचारणार तोच दारात एक नर्स आली. देवणीकडची असावी. तिथला हेल होता. पाहुणे बघून ती परत फिरू लागली. मॅडम म्हणाल्या, "हे आपलेच हायेत. बोल."

तिनं जमिनीकडे पाहत सांगितलं की सकाळी एका आजोबांच्या नळीचं टोपण तिच्या हातून खाली पडलं. नवी टोपणं संपली होती. स्टोअरला मागायला गेलं की साहेब लोक ओरडतात. मग तिनं तेच पुसून लावलं.

मॅडम उठल्या आणि खिडकीशी गेल्या. आमच्याकडे पाठ होती. मानेची शीर ताठ झालेली मला दिसत होती. दोन्ही हातांनी त्यांनी खिडकीचा कठडा इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. पुढचा शब्द कानडीत येणार याची मला खात्री होती. नर्सलाही असावी, कारण ती दाराच्या दिशेनं पाऊलभर सरकली.

कठड्यावरचे हात सुटायला वेळ लागला.

"टोपणांचं मी बघते," मॅडम वळून म्हणाल्या. आवाज त्यांनी कुठून तरी खोलवरून आणला होता. "आजोबांची नळी बदलली?"

"बदलली, मॅडम."

"बरं केलंस. आलीस ते बरं केलंस."

नर्सनं मान डोलावली, पण ती गेली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तिथंच उभी राहिली.

"मॅडम," ती म्हणाली, "अजून एक हाय."

मॅडमनी डोळे मिटले. उघडले. मग स्वतःची खुर्ची ओढून तिच्यापुढे ठेवली.

"बस," त्या म्हणाल्या. "सांग."